खाल्ल्या मिठाचा प्रश्न : एडवर्ड माँटेग्यूच्या कारकिर्दीची एक चिकित्सा



निष्ठा या विषयावर बोलायला बसलं की एक प्रश्न हमखास येतो. आम्ही वर्गात शिकवत होतो तेव्हाही यायचा, आणि आता या मालिकेच्या निमित्तानं तुम्ही लिहून पाठवता त्यातही तो असतोच. प्रश्न असा : माणसानं बाजू बदलली, तर तो बेइमान झाला का? की परिस्थिती बदलल्यावर बाजू बदलणं हे शहाणपणच आहे? आपल्याकडे दोन्ही बाजूंच्या म्हणी तयार आहेत. 'खाल्ल्या मिठाला जागावं' ही एक आणि 'वारा पाहून पाठ द्यावी' ही दुसरी. एकाच माणसाच्या तोंडी सकाळी पहिली असते आणि संध्याकाळी दुसरी.

हा प्रश्न हवेत सोडवण्यापेक्षा एका माणसाच्या आयुष्यावर घासून पाहावा, असं आम्हांला वाटतं. त्यासाठी आज सतराव्या शतकातला एक इंग्रज आरमारी अधिकारी आणि राजकारणी निवडला आहे : एडवर्ड माँटेग्यू, पुढे झालेला पहिला अर्ल ऑफ सँडविच. जन्म १६२५, मृत्यू १६७२. ज्याच्या नावावरून आपण पावाच्या दोन कापांमध्ये काकडी-टोमॅटो घालून खातो तो हा नव्हे. तो याचा वंशज, चौथा अर्ल, अठराव्या शतकातला. हा पहिला अर्ल वेगळ्याच कारणासाठी लक्षात ठेवायला हवा. तो क्रॉमवेलचा विश्वासू सेनापती होता आणि त्यानंच राजा दुसऱ्या चार्ल्सला जहाजात बसवून इंग्लंडात परत आणलं. म्हणजे बाजू बदलली, आणि तीही भर समुद्रात, सगळं आरमार बरोबर घेऊन. तेव्हा उदाहरण छोटं नाही.

आधी हकिगत थोडक्यात बघू, मग चिकित्सा करू. तारखा सांगू त्या इंग्लंडात तेव्हा चालू असलेल्या जुन्या पंचांगाप्रमाणे आहेत.

माँटेग्यूचे वडील सर सिडनी हे हंटिंगडनशायरमधले जमीनदार. हिंचिंगब्रुकचा वाडा त्यांनी १६२७ साली विकत घेतला तो ऑलिव्हर क्रॉमवेलच्या काकांकडून. म्हणजे दोन्ही घराणी शेजारची. १६४२ साली राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं. पार्लमेंटनं सभासदांकडून आपल्या सेनापतीच्या पाठीशी मरेपर्यंत उभं राहण्याची शपथ मागितली. सर सिडनींनी नकार दिला. त्यांना सभागृहातून काढलं आणि काही काळ टॉवरमध्ये डांबलं. बापानं शपथ नाकारून ही किंमत मोजली, आणि मुलगा अठराव्या वर्षी पार्लमेंटच्या बाजूनं पलटण उभारून लढायला निघाला. घरातच दोन बाजू झाल्या.

हा तरुण कर्नल मार्स्टन मूरला लढला, १६४५ साली नेझबीला लढला, त्याच वर्षी ब्रिस्टलच्या हल्ल्यात होता आणि त्याच वर्षी पार्लमेंटचा सभासदही झाला. वय वीस. नेझबी हे नाव ध्यानात ठेवा, ते पुन्हा येणार आहे. पुढे डिसेंबर १६४८ मध्ये सैन्यानं नको असलेल्या सभासदांना पार्लमेंटबाहेर काढलं. तेव्हापासून माँटेग्यू सभागृहापासून दूर राहिला आणि पहिल्या चार्ल्सच्या खटल्यात त्यानं भाग घेतला नाही. राजाचा शिरच्छेद झाला, प्रजासत्ताक आलं आणि हा आपल्या गावी राहिला. १६५३ साली क्रॉमवेलच्या हाती सत्ता आली तेव्हा तो परतला. राज्यमंडळाचा सदस्य झाला, खजिन्याचा आयुक्त झाला आणि १६५६ साली रॉबर्ट ब्लेकच्या जोडीला 'जनरल ॲट सी', म्हणजे आरमाराचा सेनापती झाला. समुद्राचा अनुभव शून्य. पण तेव्हा सत्तेला दर्यावर्दीपेक्षा भरवशाचा माणूस हवा होता.

इथं एक गोष्ट टिपून ठेवली पाहिजे. हा माणूस राजाविरुद्ध लढला, पण राजेपणाविरुद्ध नव्हता. १६५७ साली क्रॉमवेलला मुकुट देऊ केला गेला तेव्हा तो देणाऱ्यांच्या बाजूला माँटेग्यू होता. त्याला स्थिर राज्य हवं होतं, पार्लमेंट हवं होतं आणि वर एक माणूस हवा होता. तो माणूस ऑलिव्हर असेल तर ऑलिव्हर, त्याचा मुलगा रिचर्ड असेल तर रिचर्ड.

आता १६५९. ऑलिव्हर जाऊन काही महिने झालेले, गादीवर रिचर्ड. स्वीडन आणि डेन्मार्कच्या भांडणात इंग्लंडचा शब्द राखायला माँटेग्यू मोठं आरमार घेऊन साउंडच्या सामुद्रधुनीत गेला. तो तिकडे असतानाच मे महिन्यात रिचर्डची सत्ता कोसळली आणि जुनं उरलंसुरलं पार्लमेंट परत आलं. त्यांचा या सेनापतीवर विश्वास नव्हता. त्यांनी वाटाघाटींसाठी वकील पाठवले, त्यांत अल्जर्नन सिडनी होता. राजकीय तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे नाव माहीत आहे. 'डिस्कोर्सेस कन्सर्निंग गव्हर्नमेंट'चा कर्ता, कट्टर प्रजासत्ताकवादी. त्याच सुमारास परागंदा राजाची माणसंही गुप्तपणे माँटेग्यूकडे निरोप घेऊन पोचत होती. सिडनीला संशय आला. त्याचा आणि इतर वकिलांचा विरोध असताना, शिधा संपत आला असं कारण देऊन, माँटेग्यू आरमार घेऊन ऑगस्टमध्ये घरी परतला. इंग्लंडात राजाच्या बाजूचा उठाव तोवर फसला होता. मग हा वाड्यावर जाऊन गप्प बसला.

१६६० च्या फेब्रुवारीनंतर वारं फिरलं. माँटेग्यूला जनरल मंकच्या जोडीनं पुन्हा आरमाराचं सेनापतिपद मिळालं. त्यानं सचिव म्हणून आपल्या एका नातलग तरुणाला बरोबर घेतलं. त्याचं नाव सॅम्युएल पीप्स. त्याच वर्षाच्या जानेवारीत या तरुणानं रोजनिशी लिहायला सुरुवात केली होती, लघुलिपीत. आज माँटेग्यूबद्दल जगाला जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं या रोजनिशीतून आलेलं आहे.

३ मे १६६० ला सेनापतीच्या जहाजावर कप्तानांची सभा भरली. राजाचं जाहीर पत्र वाचलं गेलं. ठराव पीप्सनंच लिहून काढला. कोणीही 'नाही' म्हटलं नाही. पण पीप्स प्रामाणिक नोंद करतो की पुष्कळांच्या मनात विरोध असावा. मग ठराव जहाजाजहाजांवर वाचून दाखवला गेला आणि खलाशांनी जयजयकार केला. त्याच महिन्याच्या २३ तारखेला हॉलंडच्या किनाऱ्यावर राजा जहाजावर चढला आणि २५ तारखेला डोव्हरला उतरला. जहाजाचं नाव? 'नेझबी'. ज्या लढाईत राजाच्या बापाचा पराभव झाला आणि ज्या लढाईत हा सेनापती स्वतः पलटण घेऊन लढला, तिचं नाव. राजा ते नाव असलेल्या जहाजातून कसा जाणार? नाव पुसून 'रॉयल चार्ल्स' केलं. 'रिचर्ड'चं 'जेम्स' झालं, 'डनबार'चं 'हेन्री' झालं. जहाजं तीच, तोफा त्याच, खलाशी तेच. सेनापतीही तोच, फक्त जुलैपासून त्याला अर्ल ऑफ सँडविच म्हणायचं.

हकिगतीचा पहिला भाग इथं संपतो. आता चिकित्सा.

या माणसाची दोन चित्रं रूढ आहेत. एकात तो संधिसाधू, शिडात वारा भरेल तिकडे जाणारा. दुसऱ्यात तो सभ्य, मितभाषी, थोडा उदास असा राष्ट्रसेवक, ज्यानं रक्त न सांडता राज्य स्थिर केलं. त्याची चरित्रं चांगली आहेत. एफ. आर. हॅरिसचं दोन खंडांचं १९१२ सालचं आहे. रिचर्ड ऑलर्डचं १९९४ सालचं आहे आणि त्याचं शीर्षकच 'क्रॉमवेल्स अर्ल' असं आहे. क्रॉमवेलचा आणि तरीही राजाचा अर्ल. अख्खा पेच दोन शब्दांत आला.

आमची तक्रार दोन्ही चित्रांबद्दल एकच आहे. दोन्ही चित्रं माँटेग्यूच्या मनात डोकावून निवाडा करतात. त्याचा हेतू शुद्ध होता की स्वार्थी, एवढंच विचारतात. आणि हेतू शोधायला आपण जातो कोणाकडे? पीप्सकडे. पीप्स हा त्याचा आश्रित. त्याच्या शब्दावर पीप्सला नेव्ही बोर्डातली नोकरी मिळाली. पुढे १६६३ साली हाच पीप्स, मालक चेल्सीत एका बाईच्या नादानं राहून दरबाराकडे दुर्लक्ष करतात म्हणून, त्यांना खरमरीत पत्र लिहितो. मग दोघांत थोडा दुरावा येतो. तेव्हा रोजनिशीतलं चित्र आश्रिताच्या खिडकीतून दिसणारं आहे. मालक खूश आहे की नाराज, त्याचा खर्च वाढला की पत घटली, हे त्यात बारकाईनं दिसतं. पण या बदलाची किंमत खाली कोण मोजतंय, ते त्या खिडकीतून ओझरतंच दिसतं. शिवाय रोजनिशी मे १६६९ मध्ये संपते, माँटेग्यूच्या मृत्यूच्या तीन वर्षं आधी. शेवटचा अंक तिच्यात नाहीच.

तरी पीप्सची एक नोंद महत्त्वाची आहे. मे १६६० मध्ये, जहाजावरच, त्यानं मालकाला विचारलं की तुमचं मन राजाकडे कधीपासून वळलं? उत्तर मिळालं त्याचा आशय असा : साउंडमध्ये असल्यापासून, प्रजासत्ताकवाले आपल्याला कसं वागवणार हे कळलं तेव्हापासून. श्रोतेहो, या उत्तरात तत्त्व नाही, आणि निव्वळ लोभही नाही. 'मला कसं वागवलं जाईल' हा प्रश्न आहे. आणि योगायोग असा की त्या काळातल्या सर्वांत मोठ्या इंग्रज तत्त्वज्ञानं नेमका याच प्रश्नावर निष्ठेचा सिद्धांत उभा केला होता.

थॉमस हॉब्जचं 'लेव्हायथन' १६५१ साली निघालं. त्या पिढीपुढचा खरा प्रश्न होता शपथांचा. एकाच माणसानं राजाची शपथ घेतलेली, पार्लमेंटची घेतलेली, १६५० साली प्रजासत्ताकाची घ्यायची वेळ आली, नंतर प्रोटेक्टरची. यातली कोणती खरी? हॉब्जचं उत्तर कोरडं आहे. आज्ञापालन हे संरक्षणाच्या बदल्यात असतं. संरक्षण संपलं की बांधिलकी संपली. पण पुस्तकाच्या अगदी शेवटी, उपसंहारात, तो एक भेद करतो, आणि त्याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. साध्या प्रजाजनाला सूट लवकर मिळते. शिपायाला मिळत नाही. शिपायानं जादा बंधन पत्करलेलं असतं. जुनी सत्ता मैदानात उभी आहे आणि त्याला पोटाला देते आहे, तोवर त्यानं नव्या सत्तेकडे जाता कामा नये. हे दोन्ही संपलं, तर मात्र शिपायानंही जिथं आसरा मिळेल तिथं जावं.

मैदानात उभी आहे का, आणि पोटाला देते का? ही हॉब्जची कसोटी. आपल्या भाषेत : मीठ खाल्लं असेल तर जागावं, पण मीठ खरंच मिळालं का, हेही विचारावं.

ही कसोटी १६५९ च्या माँटेग्यूला लावून पाहा. विरोधी पक्ष म्हणेल : पार्लमेंट उभं होतं, तो त्याच्या आरमाराचा सेनापती होता आणि त्याच वेळी शत्रूची माणसं भेटत होती. ही फितुरी. बचाव म्हणेल : मला नेमणूक दिली ती प्रोटेक्टरनं. ती सत्ता मे महिन्यात मेली. आता जे बसलेत त्यांची शपथ मी घेतली नव्हती, उलट १६४८ पासून मी त्यांच्यापासून दूर होतो. आमच्या मते हा बचाव अगदी फोल नाही. ज्या सत्तेचं मीठ खाल्लं ती सत्ताच उरली नव्हती. माँटेग्यूनं स्थिर राज्य हे ध्येय धरलं होतं आणि त्याची सर्व वळणं त्या एका ध्येयाशी जुळतात. १६६० चा बदल लढाईशिवाय झाला, हेही त्याच्या पदरात टाकलं पाहिजे. इथपर्यंत आम्ही त्याला बेइमान म्हणणार नाही.

पण चिकित्सा इथं थांबवणं ही लबाडी ठरेल. कारण बाजू बदलणं ही एका दिवसाची घटना नसते. बदलल्यानंतर माणूस काय करतो, तेही त्या बदलात धरावं लागतं.

ऑक्टोबर १६६०. पहिल्या चार्ल्सला मृत्युदंड देणाऱ्यांवर खटला चालला. न्यायासनावर नेमलेल्यांत अर्ल ऑफ सँडविच होता, मंकही होता. आरोपींत मेजर जनरल हॅरिसन होता, नेझबीच्या त्याच सैन्यातला. राजाच्या खटल्यात माँटेग्यूचा हात नव्हता हे खरं. पण ज्या सत्तेनं त्या शिरच्छेदावर आपला पाया घातला, तिच्या राज्यमंडळात तो बसला होता, तिचा खजिना त्यानं सांभाळला होता. बदललेल्या माणसानं न बदललेल्या माणसाचा न्याय करायला बसावं, हे आम्हांला खटकतं. कायद्यानं ते चुकीचं नसेल. नकार देणं अवघडही असेल. पण अवघड नकाराचं उदाहरण त्याच्या घरातच होतं. बापानं १६४२ साली तेच केलं होतं.

आणि अल्जर्नन सिडनी? तो परदेशातच राहिला, १६७७ पर्यंत. परतला, आणि १६८३ साली राजद्रोहाच्या आरोपावरून त्याचा शिरच्छेद झाला. कायद्यानं दोन साक्षीदार लागत. दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी त्याच्या घरी सापडलेलं अप्रकाशित हस्तलिखित उभं केलं गेलं. न बदलण्याची किंमत सिडनीनं स्वतः मोजली. आमचा आजचा मुद्दा हाच आहे. निष्ठा बदलली की टिकवली, यापेक्षा किंमत कोणी मोजली, हे विचारा.

आता थोडं आपल्या गावाकडे येऊ, कारण इथं धागा खरोखरच जुळतो. १६६१ च्या जूनमध्ये दुसऱ्या चार्ल्सच्या लग्नाचा करार झाला. मुंबई आंदण मिळाली, हे वाक्य आपण शाळेत पाठ केलं आहे. ती वधू, ब्रागान्झाची कॅथरीन, हिला लिस्बनहून आणायला गेला तो हाच सँडविच. जाता जाता जानेवारी १६६२ मध्ये त्यानं टँजिअरचा ताबा घेतला. हुंड्याची रोकड पोर्तुगालकडे नव्हती, तेव्हा साखर, जवाहीर आणि हुंड्या असं काहीबाही पदरात घेऊन तो राणीसह मे महिन्यात पोर्ट्समथला पोचला. मुंबई ताब्यात घ्यायला वेगळा काफिला गेला. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी बेट द्यायला नकार दिला. सर अब्राहम शिपमन आणि त्याचे सैनिक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकून पडले. तिथं शिपमन मेला आणि त्याचे बहुतेक सैनिक आजारानं मेले. अखेर फेब्रुवारी १६६५ मध्ये हम्फ्री कुकनं बेट ताब्यात घेतलं, आणि १६६८ साली राजानं ते वर्षाला दहा पौंडांच्या भाड्यानं कंपनीला देऊन टाकलं. करार करणाऱ्यांना पदव्या मिळाल्या. अंजदीवच्या मातीत कोण गेलं, त्यांची नावं कोणी पाठ करत नाही.

हाच हिशेब १६६५ साली सँडविचच्या दारात आला. डचांशी युद्ध सुरू होतं. जूनमध्ये लोस्टॉफ्टच्या लढाईत तो निळ्या तुकडीचा प्रमुख होता आणि चांगला लढला. ऑगस्टमध्ये बर्गनच्या बंदरातल्या डच जहाजांवरचा हल्ला मात्र फसला. सप्टेंबरमध्ये त्याच्या हाती डच ईस्ट इंडिया कंपनीची मालानं भरलेली दोन जहाजं लागली. लवंगा, जायफळ, मिरी, रेशीम. नियम स्पष्ट होता : आरमारी न्यायालयानं निवाडा देईपर्यंत जहाजाच्या पोटातल्या मालाला हात लावायचा नाही. सँडविचनं पोट फोडायला परवानगी दिली आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांत माल वाटला. स्वतःही घेतला. काही अधिकाऱ्यांनी वाटा नाकारला, हे लक्षात ठेवा. म्हणजे नियम कळत नव्हता असं नाही. पीप्सनंही त्यातला माल घेतला आणि गवगवा होताच अंग काढून घेतलं. तो एका जहाजाच्या तळघरात उतरला तेव्हा लवंगा-जायफळांत त्याचे गुडघे बुडत होते, अशी त्याची नोंद आहे.

बचाव केला जातो की तेव्हा सगळेच असं करत, आणि राजाकडून पैसे मिळायची शाश्वती नव्हती. हे खरं आहे. १६५६ साली स्पेनची चांदी पकडली गेली तेव्हाही बरीचशी कप्तानांनी आणि खलाशांनी आधीच लांबवली होती, आणि ती गोष्ट माँटेग्यूनं स्वतः कळवली होती. पण म्हणूनच आम्ही त्याला सूट देत नाही. कशानं काय होतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

कारण तेच वर्ष बघा. लंडनमध्ये प्लेग. खजिना रिकामा. खलाशांना पगाराऐवजी चिठ्ठ्या मिळत, आणि त्या चिठ्ठ्या पोटासाठी कमी दरानं विकाव्या लागत. १६६६ च्या जुलैत, हॉलंडात कैदेत पडलेल्या खलाशांच्या शेकडो बायका नेव्ही ऑफिसच्या आवारात येऊन पैशासाठी आक्रोश करत होत्या. पीप्सनंच लिहून ठेवलंय, आणि त्याला वाईट वाटलं हेही लिहिलंय. वाईट वाटलं, पण चिठ्ठ्या चिठ्ठ्याच राहिल्या.

जून १६६७. डच आरमार मेडवे नदीत शिरलं, नांगरलेली इंग्रज जहाजं जाळली आणि एक जहाज ओढून घेऊन गेलं. 'रॉयल चार्ल्स', पूर्वाश्रमीची 'नेझबी'. तिच्या मागच्या भागातला कोरीव लाकडी तुकडा आजही ॲम्स्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आहे. पण आम्हांला जास्त बोलकी वाटते ती दुसरी नोंद. डच जहाजांवर इंग्रज खलाशी होते. ते ओरडून सांगत होते की इतके दिवस आम्ही चिठ्ठ्यांसाठी लढलो, आता रोकड्यासाठी लढतोय.

आता हॉब्जची कसोटी पुन्हा काढा. सत्ता मैदानात उभी होती का? होती. पोटाला देत होती का? नाही. त्या खलाशांनी 'लेव्हायथन' वाचलेलं नव्हतं, पण त्यांचा युक्तिवाद शब्दश: त्याच्या उपसंहारातला आहे. आणि तरी इतिहासात ते फितूर, आणि १६६० चा सेनापती राष्ट्राचा तारणहार. माँटेग्यूनं बदललं तेव्हा त्याला पोटाची चिंता नव्हती, मानमरातबाची होती. खलाशानं बदललं तेव्हा पोटाचीच होती. मग कोणाचा बदल जास्त क्षम्य? वर्गात हा प्रश्न विचारला की क्षणभर शांतता व्हायची. आजही आम्हांला त्याचं सोपं उत्तर नाही, कारण मेडवेत जळालेल्या जहाजांवर इतर इंग्रज खलाशीही होतेच. पण एवढं नक्की म्हणता येईल की नियम एकच लावायला हवा. अर्लला हॉब्ज आणि खलाशाला फाशी, असं चालणार नाही.

मेडवेच्या वेळी सँडविच इंग्लंडात नव्हता. जप्त मालाच्या प्रकरणामुळे त्याला आरमारातून काढून वकील म्हणून स्पेनला पाठवलं होतं. तिथं त्यानं काम चोख केलं. १६६७ चा माद्रिदचा व्यापारी तह आणि १६६८ साली स्पेननं पोर्तुगालचं स्वातंत्र्य मान्य केलं तो तह, दोन्हींत त्याचा हात होता. अल्व्हारो बार्बाच्या धातुविद्येवरच्या स्पॅनिश ग्रंथाचं त्यानं इंग्रजी भाषांतर केलं. हे सांगायचं कारण, निवाडा करताना माणूस पुसून टाकू नये. तो बुद्धिमान होता, कामाचा होता, आणि शत्रूही त्याला क्रूर म्हणत नसत.

परतल्यावर तो वसाहतींच्या मंडळाचा अध्यक्ष झाला. जॉन इव्हलिन त्याचा तिथला सहकारी. १६७२ साली राजानं डचांशी पुन्हा युद्ध काढलं, ज्याला न्याय्य कारण नव्हतं असं इव्हलिनचं स्पष्ट मत होतं. तो सांगतो की सँडविचलाही हे युद्ध पसंत नव्हतं, पण सहा-सात वर्षांपूर्वीचा डाग मनाला लागलेला होता. नाव राखण्यासाठी काहीतरी करून दाखवलं पाहिजे, अशा भावनेनं तो निघाला, आणि आता पुन्हा भेट होणार नाही असं बोलून गेला. २८ मे रोजी सोलबेच्या लढाईत त्याचं जहाज 'रॉयल जेम्स' चहूबाजूंनी घेरलं गेलं. तासन्‌तास लढल्यावर डचांच्या पेटत्या गलबतानं त्याला आग लागली. त्याचा जावई फिलिप कार्टरेट तिथंच गेला. सुमारे दोन आठवड्यांनी समुद्रात एक प्रेत सापडलं. गार्टरच्या मानचिन्हावरून ओळख पटली. जुलैत वेस्टमिन्स्टर ॲबीत राजेशाही इतमामानं दफन झालं.

काही जण म्हणतात, या मृत्यूनं सगळं फिटलं. आम्हांला तसं वाटत नाही. पण एक गोष्ट मानावी लागते. आयुष्यात पहिल्यांदा इथं त्यानं किंमत स्वतः मोजली. दु:ख याचं की ज्या युद्धावर त्याचा विश्वास नव्हता त्यात मोजली, आणि त्याच्याबरोबर जहाजावरच्या शेकडो खलाशांनीही मोजली. त्यांच्या अंगावर ओळख पटवणारं मानचिन्ह नव्हतं.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत. बाजू बदलणारा बेइमान असतो का? या आयुष्यावरून आम्ही तीन गोष्टी म्हणू. पहिली, ज्या सत्तेला शब्द दिला ती उरली नसेल, तर बदल हा गुन्हा नाही. १६६० चा माँटेग्यू इथं सुटतो. दुसरी, बदललेल्यानं न बदललेल्याचा न्याय करायला बसू नये; इथं तो सुटत नाही. तिसरी, आणि आमच्या मते सर्वांत जड : जो वरून निष्ठा मागतो, त्यानं खालच्याच्या ताटात मीठ पडतंय का ते आधी बघावं. १६६५ च्या सप्टेंबरात जायफळांचे वाटे पडत होते आणि खलाशाच्या हाती चिठ्ठी होती. त्या दिवशी सँडविचनं राजाचा नियम मोडला, हे सगळ्या चरित्रांत आहे. आपल्या माणसांशी असलेलं नातं मोडलं, हे अधिक मोठं होतं, आणि मेडवेत ते उघड झालं.

नेत्यानं बाजू बदलली की आपण त्याच्या हेतूवर तासन्‌तास वाद घालतो. पुढच्या वेळी तो वाद सुरू झाला की हा एक साधा प्रश्न विचारून पाहा : त्याच्यामागून चालणाऱ्यांना या बदलात काय मिळालं, आणि त्यांनी काय गमावलं? उत्तर शोधायला त्याच्या मनात शिरावं लागत नाही, पगाराचा कागद पुरतो.

आम्ही इथं थांबतो.